रक्ताचा कागद आणि छातीतली कळ



या सदरात एरवी आम्ही लागण, खोडवा, बेणेबदल, हुमणी, पाचट आच्छादन असल्या विषयांवर लिहीत असतो. या अंकात विषय निराळा आहे. तो आमच्या खात्याचा नाही हे आम्ही जाणतो. आम्ही कृषी पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. तथापि मागील गळीत हंगामात आमच्या डोळ्यांदेखत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांपैकी एकीत आमचीही चूक होती. ती चूक सभासदांपुढे मांडल्याशिवाय आम्हाला बरे वाटेना. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे बसून, चार गोष्टी नीट समजून घेऊन हा लेख लिहीत आहोत.

दोन सभासद, दोन कागद

हंगामापूर्वी कारखान्यावर आरोग्य शिबिर झाले. त्यात सभासदांचे रक्त घेऊन पेशींची मोजणी केली गेली. आपण तिला सी.बी.सी. म्हणतो. आठवड्याने कागद आले आणि ते गट ऑफिसमार्फत वाटायचे काम आमच्या शेतकी खात्याकडे होते.

पहिले सभासद कागद घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे आले. "साहेब, पांढऱ्या पेशी वाढल्यात. लॅबवाला म्हणतो, हे हार्टचं लक्षण असू शकतं. शहरात जाऊन अँजिओग्राफीच करून टाकतो. ऊस बिलातनं उचल मिळंल का?" कागदावर न्यूट्रोफिल ८२ टक्के लिहिले होते. आम्ही त्यांना म्हटले, "अण्णा, आधी बसा. पाणी प्या." बसताना ते लंगडत होते. तोडणी झालेल्या फडात उसाचे धसकट पायात घुसले होते, जखमेत पू झाला होता आणि दोन दिवस अंगात कणकण होती. डॉक्टरांनी जखम धुऊन औषध दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली, तर आकडे जागेवर आलेले. हृदयाचा काही संबंध नव्हता.

दुसरे सभासद आमच्याहून वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचा कागद अगदी स्वच्छ होता. सगळे आकडे चौकटीत. तो हातात देताना आम्हीच म्हणालो, "तात्या, रिपोर्ट नॉर्मल आहे. आता निवांत राहा." हे वाक्य आमचेच. दीड महिन्यानंतर रात्रीच्या लाईटला ते उसाला पाणी पाजायला गेले. एकच्या सुमारास छातीत दाटून आले, डावा हात भरून आला, थंडीतही घाम फुटला. घरी येऊन त्यांनी ओवा खाल्ला, सोडा प्यायले आणि पडून राहिले. वहिनी म्हणाल्या, "पोराला उठवते, दवाखान्यात जाऊ." तात्या म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे की. साहेब स्वतः बोललेत. गॅस असंल." दवाखाना गाठेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. तात्या वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा गेला. आज ते बांधापर्यंत चालत येतात आणि तिथेच बसतात. खोरे हाती धरता येत नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. पण उशाशी तो कागद घडी घालून ठेवलेला आम्हाला दिसला.

रोग कुठे असतो?

हृदयाला स्वतःचे रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात. त्यांच्यात चरबीचे थर साठून जो रोग होतो तो हा कोरोनरी धमन्यांचा रोग. आपण ठिबकवाले लोक लगेच म्हणतो, "लॅटरलमध्ये क्षार बसावा तसं." आम्हीही तसेच समजत होतो. डॉक्टरांनी ही समजूत दुरुस्त केली.

लॅटरल ही प्लॅस्टिकची नळी. क्षार तिच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि आम्ल प्रक्रिया केली की निघून जातो. धमनी ही जिवंत नळी आहे. तिथे साठा नळीच्या पोकळीत नव्हे, तर नळीच्या भिंतीच्या आत होतो. रक्तातील एल.डी.एल. हे वाईट कोलेस्टेरॉल भिंतीच्या अस्तराखाली शिरते. ते परके आहे असे समजून रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे घुसतात, चरबी गिळतात, फुगतात आणि तिथेच अडकतात. अशा पेशींचा व चरबीचा ढीग वर्षानुवर्षे वाढतो. त्यावर पातळ पापुद्रा असतो. एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटला की जखम झाली असे समजून प्लेटलेट धावतात, गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका.

म्हणूनच काल-परवापर्यंत ठणठणीत असलेल्या माणसालाही झटका येतो. धमनी आधी पूर्ण बुजलेली असायलाच पाहिजे असे नाही. पातळ पापुद्र्याचा लहान ढीगसुद्धा फुटू शकतो. याच कारणाने 'शिरा धुऊन काढणाऱ्या' काढ्यांवर विश्वास ठेवू नये. लॅटरलसारखी आम्ल प्रक्रिया माणसाच्या धमनीला करता येत नाही.

या रोगात दाह असतो, हा विचार जुना आहे. जर्मनीच्या रुडॉल्फ विर्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच धमनीच्या भिंतीतील दाहाचे वर्णन केले होते. अमेरिकेचे रसेल रॉस यांनी १९९९ साली हा रोग म्हणजे दाहाचाच रोग आहे असे ठामपणे मांडले. दाह म्हटला की पांढऱ्या पेशी आल्याच. मग प्रश्न उभा राहिला की, रक्तातील पेशी मोजून हा रोग किती वाढला आहे ते कळेल का?

पेशी काय सांगतात?

कॅलिफोर्नियात आरोग्य तपासणी केलेल्या लोकांचा एक अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे झटका आला त्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच्या तपासणीत इतरांपेक्षा जास्त होत्या, असे त्यात दिसले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी मुळातच वाढलेल्या असतात, हेही या संबंधामागचे एक कारण होते.

त्यानंतर एक गुणोत्तर पुढे आले. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे दोन मोठे प्रकार. एकाला दुसऱ्याने भागायचे. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर गुणोत्तर २. न्यूट्रोफिल ८० आणि लिम्फोसाइट १० असतील तर ८. दाह वाढला की हा आकडा चढतो. ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोग जास्त पसरला आहे त्यांच्यात हे गुणोत्तर सरासरीने जास्त असते आणि पुढील धोकाही जास्त असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

तांबड्या पेशींचाही एक आकडा कागदावर असतो, आर.डी.डब्ल्यू. या नावाचा. पेशी एकसारख्या आकाराच्या आहेत की लहान-मोठ्या, हे तो सांगतो. साधारणपणे तो साडेअकरा ते साडेचौदाच्या आत असतो. पूर्वी झटका येऊन गेलेल्या चार हजारांवर रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. हा आकडा ज्यांचा जास्त, त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले.

हे सारे खरे आहे. मग लॅबवाल्याचे काय चुकले?

ब्रिक्सचे गणित आठवा

तोडणी कार्यक्रम ठरवताना आमचे लोक हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतात. उसाच्या शेंड्याकडील कांडीचा ब्रिक्स आणि बुडख्याकडील कांडीचा ब्रिक्स घेऊन भागाकार करतात. तो एकाच्या जवळ आला की ऊस पक्व झाला असे समजतो. पण हे गणित कधी खरे ठरते? कालच पाणी दिले असेल, ऊस लोळला असेल, तुरा येऊन गेला असेल, तर आकडा फसवतो. म्हणून आमचा माणूस आधी विचारतो, लागण कधीची, जात कोणती, पाणी कधी दिले. नुसता आकडा बघून कोयता लावत नाही.

रक्ताचेही तसेच आहे. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचे गुणोत्तर हृदयरोगात चढते हे खरे. पण पायात पू झाला, न्यूमोनिया झाला, ऑपरेशन झाले, अंगावर मोठा ताण पडला तरीही ते चढते. सांधेदुखीवर कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तरी चढते. उलट डेंग्यूच्या तापात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली येतात. आर.डी.डब्ल्यू. चढण्याचे आपल्याकडील नेहमीचे कारण हृदय नव्हे, तर लोहाची कमतरता. आपल्या घरांतील आया-बहिणींत ती फार आढळते. तो आकडा वाढलेला दिसला तर हृदयाच्या भीतीने रडण्यापेक्षा हिमोग्लोबिन किती आहे ते बघावे आणि रक्तक्षयाचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

ऊस पिवळा पडला की लगेच आपण 'केवडा' म्हणतो. पण पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असेल, पाणी साचल्याचा असेल, नाहीतर खाली हुमणीने मुळे खाल्ल्याचा असेल. मुळे उकरून बघितल्याशिवाय फेरस सल्फेट फवारून उपयोग काय?

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. आकडे चौकटीत आहेत म्हणजे धमन्या स्वच्छ आहेत असा अर्थ होत नाही. हजार माणसांची सरासरी काढली तर फरक दिसतो. एकट्या तात्यांच्या कागदावरून तात्यांच्या धमनीतील पापुद्रा दिसत नाही. पेशींच्या मोजणीने हृदयरोग 'आहे' असेही ठरत नाही आणि 'नाही' असेही ठरत नाही. आम्ही 'निवांत राहा' म्हणालो ते याच अज्ञानातून.

मग या अभ्यासाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो संशोधकांना अधिक. दाह कमी केला तर झटके कमी होतात का, हे त्यामुळे तपासता आले. कॅनाकिनुमॅब नावाचे दाहावरील इंजेक्शन पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत वापरून पाहिले गेले. त्याचा निकाल २०१७ साली आला. कोलेस्टेरॉल कमी न होताही, मधल्या मात्रेवर पुढील झटके, पक्षाघात व हृदयरोगाचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. पांढऱ्या पेशींची फौज दाबली की दुसरीकडची राखण ढिली पडते, हा धडा त्यातून मिळाला. ते इंजेक्शन हृदयरोगाच्या नित्य उपचारात आले नाही.

दुसरे औषध कोल्चिसीन. गाऊट या सांधेरोगावरील हे जुने औषध. ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्स येथील ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन केलेल्या चाचणीचा निकाल २०२० साली आला, त्यात धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली अमेरिकेत या लहान मात्रेला हृदयरोगासाठी मान्यताही मिळाली. पण ताजा झटका आलेल्या सात हजारांवर रुग्णांत लगेच हे औषध सुरू केलेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, असा निकाल २०२४ साली आला. म्हणजे कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे हृदयरोगतज्ज्ञानेच ठरवायचे.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पावसाळ्यात बांधावर, कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी फुलते. तिच्यातही हेच कोल्चिसीन असते आणि ती जहाल विषारी आहे. औषधाची मात्रा अर्धा मिलिग्रॅम. कंदात किती आहे हे तुम्ही-आम्ही मोजू शकत नाही. कुणी 'हृदयावर चालते' म्हणून कंद उगाळून देऊ लागला तर त्याला हात जोडून परत पाठवा. शेळ्या-मेंढ्यांनाही ती खाऊ देऊ नका.

खरे काय मोजावे?

सन २००४ मध्ये ५२ देशांतील एका मोठ्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. भारतातील रुग्णही त्यात होते. पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा नऊ गोष्टींचा होता: धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाजीपाला कमी खाणे, व्यायामाचा अभाव आणि दारूसंबंधीची सवय. याच अभ्यासात असेही दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. तंबाखू ओढणेच नव्हे, चघळणेही धोक्याचे, हेही त्यातूनच पुढे आले. गट ऑफिसच्या ओट्यावर चंची सोडून बसणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

शेतकरी म्हणेल, "आम्ही राबतो, आम्हाला कशाचा व्यायाम?" पूर्वी खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, बांधावर मोटारसायकलने आणि पाणी ठिबकच्या चावीने. शरीराचे काम घटले. बिलाची, कर्जाची, लाईटच्या वेळेची काळजी मात्र तेवढीच राहिली.

म्हणून सभासदांनी रक्ताच्या पेशींपेक्षा खालील गोष्टींचा हिशेब ठेवावा.

१) रक्तदाब. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्यावा. गोळी चालू असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून मध्येच सोडू नये.

२) साखर व कोलेस्टेरॉल. उपाशीपोटीची साखर आणि एल.डी.एल. तपासावे. या रोगाचे मूळ बी एल.डी.एल. हेच आहे. डॉक्टरांनी स्टॅटिन गोळी दिली असेल तर ती नियमाने घ्यावी.

३) तंबाखू, विडी, मिश्री. कमी करू असे म्हणू नका, सोडा.

४) घरातील इतिहास. वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

५) रक्ताचा कागद टाकून देऊ नका. रक्तक्षय, जंतुसंसर्ग, डेंग्यू यासाठी तो फार उपयोगी आहे. मात्र तो डॉक्टरांना दाखवा. लॅबवाल्याकडून किंवा आमच्यासारख्या ऊस विकास अधिकाऱ्याकडून अर्थ लावून घेऊ नका.

कळ आली तर

छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, ते हात, खांदा, पाठ वा जबड्याकडे जाणे, थंड घाम, धाप, मळमळ. बायकांत आणि मधुमेहाच्या रुग्णांत छातीत न दुखता नुसती धाप, थकवा किंवा पोटात जळजळही असू शकते. अशा वेळी ओवा-सोड्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांक फिरवा आणि जेथे ई.सी.जी. निघतो असा जवळचा दवाखाना गाठा. मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. ॲस्पिरिनची गोळी द्यायची की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, पहिल्या दोन-तीन तासांत जो फायदा होतो तो नंतर होत नाही.

दवाखान्यात ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. हृदयाचा स्नायू दुखावला की हा पदार्थ रक्तात उतरतो. झटक्याच्या वेळी उपयोगाची रक्ततपासणी ती हीच. पण कळ सुरू झाल्या झाल्या तीही कधी कधी स्वच्छ येते, म्हणून काही तासांनी पुन्हा करतात. 'एकदा नॉर्मल आली, आता घरी जातो, जनावरांची धार काढायची आहे' असा हट्ट धरू नका. खर्चाच्या भीतीनेही थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड घेऊन चौकशी करावी.

शेवटी आमच्यापुरते सांगतो. पुढील शिबिरापासून शेतकी खात्यामार्फत रक्ताचे कागद वाटायचे नाहीत, डॉक्टरांनी समोर बसवून द्यायचे, अशी विनंती आम्ही कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे. रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला एकट्याने जाऊ नये, शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी लावून दोघांनी जावे आणि खिशात चार्ज केलेला फोन ठेवावा, असेही गटागटांत सांगत आहोत.

मागील महिन्यात तात्यांचा खोडवा बघायला गेलो होतो. प्लॉट मुलाने चांगला राखला आहे. तात्या बांधावर बसून होते. म्हणाले, "साहेब, मासिकात लिवा. माझं नाव नका घालू, पण लिवा. कागद बघून झोपू नका म्हणावं." आम्ही हो म्हणालो. त्यांचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवला. आता घरी जाल तेव्हा आपल्या माणसांना तो वाचून दाखवावा, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग